खूप डोळे फुटलेला गड्डा

ताईकडून डेलियाचा कंद विकत नेलेल्या एकीचा फोटो आला तेव्हा ताई वाफ्यात शेंडे खुडत होती आणि मी तिची वही घेऊन पायरीवर बसले होते. फोटोत एक कुंडी होती, कुंडीत डेलियाचं रोप आणि रोपाच्या बुडाशी, मातीला चिकटून, जाड, मांसल, फिकट हिरव्या कोंबांचा गचका. दुरून फुलकोबीचा तुकडा वाटावा असा. खाली लिहिलं होतं, "लावून सात आठवडे झाले. झाड वर येतच नाही, बुडाशीच असं दाटलंय. असं असतं का?"

ताईने हात पुसले, फोटो मोठा करून पाहिला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ही मरून बॉल जात आहे. त्या गड्ड्याला खूप डोळे फुटले म्हणून मी खूश झाले होते गं."

ताई म्हणजे माझी मावसबहीण. बाग तिची, हिशेब माझा. घराच्या मागे आठ मीटर लांबीचे तीन वाफे. प्रत्येक वाफ्यात दोन ओळी, दोन झाडांत पंचेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे एका ओळीत १८ आणि एकूण १०८ झाडं. पहिल्या वर्षी ४० होती, दुसऱ्या वर्षापासून १०८. हे प्रकरण तिसऱ्या वर्षाचं. पण कंद विकण्यापर्यंत ती कशी आली हे सांगितल्याशिवाय त्यातली चूक नीट कळणार नाही, म्हणून आधी फुलांकडे वळते.

फूल का विकलं जातं

डेलिया हे प्रवासाला नालायक फूल आहे. गुलाबाची कळी तोडली तरी पाण्यात उमलते, लिलीची तर हमखास उमलते. डेलियाची कळी तोडली की बहुतेक वेळा तशीच राहते. म्हणून फूल जवळपास पूर्ण उमलल्यावरच कापावं लागतं, आणि उमललेलं फूल चार ते सहा दिवस टिकतं. ते खोक्यात घालून लांब पाठवायचं म्हणजे त्यातलं निम्मं आयुष्य वाटेत घालवायचं. मोठ्या व्यापाऱ्याला हे परवडत नाही. घराच्या मागे तीन वाफे असलेल्या बाईला मात्र परवडतं, कारण तिची गिऱ्हाइकं दहा मिनिटांच्या अंतरावर असतात. सकाळी कापलेलं फूल दुपारी कुणाच्या तरी टेबलावर असतं. ताईची सगळी फुलविक्री या एका गोष्टीवर उभी आहे. "माझी फुलं सुंदर असतात म्हणून जातात" असं ती म्हणते, ते मी वहीत लिहीत नाही.

कापायची वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत. फूल उलटं करून मागच्या पाकळ्यांना बोट लावायचं. त्या ताठ असतील तर कापायचं, मऊ पडल्या असतील तर ते फूल झाडावरून काढून टाकायचं, विकायचं नाही. कापलं की लगेच पाण्यात. देठ कोमट नव्हे, चांगल्या गरम पाण्यात तासभर ठेवून ते पाणी निवू दिलं की फूल जास्त टिकतं असं बरेच जण सांगतात. ताई ते न चुकता करते. मी दोनदा शेजारी शेजारी ठेवून पाहिलं आणि मला फारसा फरक दिसला नाही, पण बादली तिची आहे.

नवख्याचा हात जिथे हमखास आखडतो ती जागा देठाची. डेलियाला लांब देठ हवा असेल तर खोल कापावं लागतं, खालच्या पानांच्या जोडीपर्यंत, आणि त्या देठावरच्या दोन-तीन कळ्यांचा बळी द्यावा लागतो. पहिल्या वर्षी ताईचा जीव होईना. ती फुलाखाली वीतभर कापायची. मग खालून येणारे फुटवेही तितकेच आखूड, आणि महिनाभरात सगळं झाड आखूड देठांचं झुडूप झालं. दुसऱ्या वर्षी तिने झाड गुडघ्याएवढं व्हायच्या आत, पानांच्या तीन-चार जोड्यांवर शेंडा खुडला, मधल्या कळीच्या बाजूच्या दोन कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच काढल्या आणि बिनदिक्कत खोल कापायला लागली. तीच जमीन आणि तेच खत, पण गुच्छ बांधता येतील असे देठ त्या वर्षीच मिळाले. खतातही एक धडा होता. नत्र जास्त झालं की पानं भरघोस होतात, देठ लुळे होतात आणि खालचे कंद साठवणीत लवकर कुजतात.

जातींबद्दल एवढंच सांगते की, ताटाएवढं फूल बघायला माणसं थांबतात, पण विकत घेतात ती मुठीएवढी. 'कॅफे ओ ले' ही दुधाळ कॉफीच्या रंगाची मोठी जात सगळ्यांना हवी असते, लग्नाची सजावट करणाऱ्यांना तर फारच. पण तिच्या पाकळीला बोट लागलं तरी डाग पडतो. 'कॉर्नेल'सारख्या गडद लाल, घट्ट विणीच्या बॉल जाती बादलीत एकमेकींवर रेलल्या तरी काही होत नाही. मरून बॉल त्यातलीच. तिचं खरं नाव आम्हाला माहीत नव्हतं, कारण ती अदलाबदलीत आली होती. इथेच कान टवकारायला हवे होते.

कंदाचा मोह

(खरं तर 'डालिया' म्हणायला हवं. माद्रिदच्या कावानिल्येस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये स्वीडनच्या डाल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञावरून हे नाव ठेवलं. आपल्या तोंडी डेलिया बसलंय, बसू दे.)

झाड मूळचं मेक्सिकोच्या डोंगराळ भागातलं. पावसात वाढायचं, कोरड्या दिवसांत वरचं सगळं वाळून जायचं आणि जमिनीखाली कंदात झोपायचं. दिवस लहान होऊ लागले की ते कंद भरायला घेतं. एका कंदातून लावलेल्या झाडाखाली हंगामाच्या शेवटी पाच-सात कंदांचा गड्डा तयार होतो. म्हणजे विकायची वस्तू आपली आपण वाढते. फुलांच्या पैशात पहाटेची मेहनत असते. कंदांच्या पैशात तसं काही दिसत नाही, आणि म्हणूनच मोह होतो. ताईला एका कंदाचे जवळजवळ सात फुलांइतके पैसे मिळत होते.

त्यात बियांची स्पर्धा नाही. डेलियाच्या पेशीत गुणसूत्रांचे आठ संच असतात, एकूण ६४. त्यामुळे बी पेरलं तर आईसारखं फूल येईल याची अजिबात खात्री नसते. लालच्या बियातून पिवळं, दुहेरीच्या बियातून एकेरी, काहीही येतं. तेच फूल हवं असेल तर कंदच हवा किंवा कंदाच्या कोंबाचं छाट कलम. ज्याच्याकडे कंद, त्याच्याकडे ती जात. काही नव्या जातींवर पैदासकाराचा हक्क असतो आणि त्यांचे कंद परवानगीशिवाय विकता येत नाहीत. ताईने अशा दोन जाती आधीच विक्रीतून वगळल्या होत्या.

आता डोळ्यांची गोष्ट. बटाट्याला अंगभर डोळे असतात. डेलियाच्या कंदाला अंगावर एकही नसतो. डोळे असतात ते मानेच्या वर, जुन्या देठाच्या बुडख्याला कंद जिथे चिकटतो तिथे. त्यामुळे केवढाही जाड, टणक, देखणा कंद असला आणि त्याला बुडख्याचा डोळेवाला तुकडा नसला, तर तो आंधळा. मातीत वर्षभर तसाच पडून राहील, पण कोंब येणार नाही. उलट करंगळीएवढ्या बारक्या कंदाला एक डोळा असला तरी झाड छातीपर्यंत जातं. विकणाऱ्याची अब्रू म्हणजे तो डोळा. म्हणून ताई गड्डे खणून लगेच तोडत नसे. हिमाने झाडं काळवंडली की ती खणून, माती झाडून, व्हर्मिक्युलाइट (ओलावा धरणारं हलकं, फुगवलेलं खनिज) भरलेल्या खोक्यांत चार ते दहा अंश सेल्सिअसच्या गार खोलीत ठेवायची, दर पंधरवड्याला कुजलेला कंद काढून टाकायची आणि ऊब यायला लागली, डोळे टपोरले की मग तोडायची. पद्धत चांगली होती.

त्या वर्षी तोडणी पाच दिवस चालली. लाकडी फळी, एक धारदार सुरी, जाड देठासाठी एक झाडकात्री. ती तोडायची, मी कंदावर पेन्सिलने जातीचं नाव लिहायची आणि वहीत आकडा टाकायची. दुसऱ्या दिवशी मरून बॉलचे नऊ गड्डे आले. आठांतून सरासरी पाच कंद निघाले. नवव्याच्या बुडख्यावर मात्र डोळेच डोळे, मोजता येणार नाहीत इतके, एकमेकांना खेटून. ताईचा चेहरा उजळला. "बघ, जिकडे सुरी लावावी तिकडे डोळा." त्या एका गड्ड्याचे तिने ११ तुकडे केले. मी वहीत ११ लिहिलं आणि पुढे एक छोटंसं फूल काढलं. ते अजून आहे.

त्याला डोळे म्हणत नाहीत

निरोगी डोळे बुडख्यावर अंतर राखून असतात. चार, सहा, फार तर आठ. फुगले की एकेक टोकदार, जाड कोंब होतो आणि त्यातले एक-दोन पुढे निघून जातात. त्या गड्ड्यावर होता तो पर्णगाठीचा रोग. रोडोकोकस फॅसिअन्स नावाचा जिवाणू झाडाला फुटव्यांचं संप्रेरक जणू ओतून देतो आणि एका जागी डझनावारी खुरटे, चपटलेले, मांसल कोंब फुटतात. एकही नीट वाढत नाही. याचा एक भाऊबंद आहे, ॲग्रोबॅक्टेरियममुळे होणारी मूळगाठ. तिच्यात नुसती खडबडीत गाठ असते, कोंब नसतात. दोन्हींवर औषध नाही. बाधित झाड मुळासकट उपटून टाकायचं, खतखड्ड्यात घालायचं नाही आणि हत्यार निर्जंतुक करायचं, एवढाच उपाय.

जिवाणू एका झाडावरून दुसऱ्यावर जातो तो सुरीने, हाताने, उडालेल्या पाण्याने आणि कलमांबरोबर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लागण झालेल्या कंदावर काही काळ काहीच दिसत नाही. म्हणजे तोडणीच्या फळीवर निरोगी दिसणारा प्रत्येक कंद निरोगी असेलच असं नाही.

सुरी दिवसातून एकदा धुवायची, संध्याकाळी. मला आठवतं, तेही साध्या पाण्याने.

फोटो पाठवणारीला ताईने त्याच रात्री कळवलं की झाड कुंडीसकट बाजूला ठेवा, त्याला लावलेला हात इतर झाडांना लावू नका. मग आम्ही वही उघडली. त्या हंगामात एकूण २१४ कंद ३७ जणांना गेले होते आणि १०८ ताईने स्वतः लावले होते. त्या नवव्या गड्ड्याच्या ११ तुकड्यांपैकी आठ विकले गेले होते, पाच जणांना. तीन आमच्याच वाफ्यात होते. आम्ही टॉर्च घेऊन गेलो. तिघांपैकी दोघांच्या बुडाशी माती सरकवली तर तेच, फुलकोबी.

माझं म्हणणं सरळ होतं. पाच जणांना सांगू, आठ कंदांचे पैसे परत देऊ. ताईने मान हलवली.

"आणि सुरी?"

"सुरीचं काय?"

"त्या गड्ड्यानंतर त्याच सुरीने मी काय तोडलं?"

वहीत दिवसवार जाती होत्या, पण दिवसाच्या आत क्रम नव्हता. मरून बॉल सकाळी तोडला की दुपारी, हे कुणालाच आठवेना. म्हणजे संशय दुसऱ्या दिवशीच्या पाचही जातींवर जात होता: ७१ कंद, त्यातले ४६ विकलेले, १५ जणांना. (नवव्या गड्ड्याचे तुकडे घेतलेली पाच थेट गिऱ्हाइकं या पंधरांतच आली.) तिसऱ्या दिवशी सुरी धुतलेली होती, पण साध्या पाण्याने. फळी तर धुतलीच नव्हती. हिशेब लिहिणारी मीच, त्यामुळे क्रमाचा रकाना नव्हता ही चूक माझी.

आम्ही जवळपास भांडलो. मला वाटत होतं, पंधरा जणांना घाबरवायचं कशाला? त्यातल्या बहुतेकांची झाडं ठीक असतील. आणि एकदा 'रोग' हा शब्द गेला की पुढच्या वर्षी कोण घेईल? ताईचं उत्तर मला अजून पटतं. फुलात खोट निघाली तर आपण पाच दिवसांचे देणेकरी. कंद माणूस मातीत लावतो, त्याला दरवर्षी खणतो, तोडतो, पुढे कुणाला तरी देतो. आणि हा जिवाणू डेलियापुरता थांबत नाही, पेटुनिया, जिरेनियम, शेवंती, कार्नेशन यांनाही धरतो. त्यांच्या बागेत आणखी काय काय लावलेलं आहे, आपल्याला कुठे माहीत?

शेवटी ठरलं ते असं. पंधरा जणांना सविस्तर निरोप आणि सगळ्या ४६ कंदांचे पैसे न मागता परत, झाड चांगलं दिसत असलं तरीही. उरलेल्या २२ जणांना पैसे नाहीत, पण हकीकत आणि काय बघायचं याचे फोटो. ४६ कंदांचे पैसे म्हणजे सात-सात फुलांचे ४६ गुच्छ, ऐन बहरातली सुमारे दोन आठवड्यांची विक्री.

निरोपाचा मसुदा मी केला होता, त्यात "काही अपरिहार्य कारणांमुळे" असं आलं होतं. ताईने ते खोडलं आणि लिहिलं: "मी एका रोगट गड्ड्याला चांगला समजून तोडलं आणि सुरी निर्जंतुक न करता पुढचे गड्डे तोडले. तुमचा कंद त्या दिवशीचा आहे. झाडाच्या बुडाची माती हलकेच सरकवून बघा. फोटोसारखं दिसलं तर मातीच्या ढेकळासकट उपटून पिशवीत बांधून टाकून द्या. त्या जागी यंदा डेलिया, शेवंती, पेटुनिया लावू नका. हात आणि खुरपं धुवा. पैसे पाठवले आहेत."

आपल्या वाफ्यात तिने दुसऱ्या दिवशीची उरलेली सगळी २५ झाडं काढली. त्यातल्या २३ वर काहीही दिसत नव्हतं आणि काहींना कळ्या धरल्या होत्या. हे मला जरा जास्तच वाटलं आणि आजही थोडं वाटतं. दिसणाऱ्या दोन झाडांवर खूण करून बाकीची वेगळ्या कात्रीने हंगामभर सांभाळता आली असती, फुलं विकता आली असती, फक्त कंद विकायचे नाहीत. ताईचं म्हणणं, वेगळी कात्री दोन दिवस लक्षात राहते, तिसऱ्या दिवशी घाईत हाताला येईल ती उचलली जाते. स्वतःच्या घाईबद्दल ती बरोबर असावी.

पुढे काय निघालं

पंधरांपैकी ११ जणांची उत्तरं आली. चौघांकडे रोग सापडला. तिघं थेट गिऱ्हाइकांपैकी, म्हणजे फोटोवाली धरून. चौथी मात्र वेगळ्याच जातीची, पिवळ्या वॉटरलिलीची (कमळासारख्या फुलाच्या डेलियाची), त्याच दिवशी तोडलेली. ती आली तेव्हा सुरीबद्दलचा वाद संपला. बावीस जणांपैकी कुणाकडून तसं काही कळलं नाही.

माणसं रागावली का? एक जण रागावला, आणि योग्यच रागावला. त्याने ताईचा कंद त्याच्या जुन्या झाडांच्या मधोमध लावला होता. दोघींनी पैसे परत पाठवले. एकीने विचारलं, "रोगट भाग कापून बाकीचं ठेवू का?" हा प्रश्न बहुतेकांच्या मनात असणार. नाही, ठेवू नये. गाठ कापली तरी जिवाणू उरतो, आणि कापलेली सुरी पुढच्या झाडाकडे जाते. मरून बॉल ज्यांच्याकडून आला होता त्यांनाही कळवलं. त्यांच्याकडे काही नव्हतं, किंवा त्यांना दिसलं नव्हतं. उगम कुठला, हे कधीच कळलं नाही.

त्यानंतरच्या हंगामात तोडणी फारच हळू झाली. फळीवर प्रत्येक गड्ड्यासाठी नवा कागद. तीन सुऱ्या आळीपाळीने, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात बुडवलेल्या. हे द्रावण रोज ताजं करावं लागतं आणि सुरीवरचा चीक-माती आधी पुसावी लागते, नाहीतर त्याचा जोर राहत नाही. पात्यांना गंज चढतो तो चढतोच. फुलं कापायलाही आता दोन कात्र्या आहेत, एक हातात, एक बरणीत, झाड बदललं की कात्री बदलायची. हे मुख्यतः विषाणूंसाठी. पानाच्या शिरांलगत पिवळा पट्टा दिसणारा मोझेक माव्यामुळे पसरतो हे ठाऊक होतं, पण झाडाचा रस लागलेल्या कात्रीवर भरवसा ठेवायचा कशाला?

वहीत नवा रकाना आहे: गड्ड्याचा क्रमांक. कंदावर जातीच्या नावाखाली तोच क्रमांक. कोणता कंद कोणत्या गड्ड्याचा, त्याच्या आधी फळीवर कोण होतं, नंतर कोण, हे आता सांगता येतं. दिवसाला साठ-सत्तर कंद व्हायचे ते तीसवर आले. बाहेरून आलेला कंद पहिलं वर्ष कुंडीत, वाफ्यांपासून लांब. आणि बुडख्यावर आठांहून जास्त डोळे दिसले की तो गड्डा तोडायचाच नाही. तो तसाच कुंडीत लावून दोन महिने बघायचं. त्यात काही चांगले गड्डेही अडकून पडतात, काही जाती मुळात डोळ्यांना उदार असतात. ताई म्हणते, पडू देत.

विक्री घटली, पण मला भीती होती तेवढी नाही. ३७ पैकी १९ जणांनी पुढच्या वर्षी पुन्हा कंद घेतले. निरोपामुळे घेतले की निरोप असूनही घेतले, हे मला सांगता येणार नाही आणि मी विचारलेलं नाही.

ज्या चौघांचं उत्तर आलं नाही त्यांना ताईने तीनदा निरोप पाठवला, दोघांना फोनही केला. एकाने उचलला, "बघतो" म्हणाला. त्यातल्या एकीने एकदम सहा कंद नेले होते, त्यात त्या नवव्या गड्ड्याचे दोन. वहीत त्या चार नावांपुढचा चौकोन अजून रिकामा आहे.